नसलेल्या पायाचं ढोंग

कंपनीचे डॉक्टरसाहेब, दुखण्यानं तळमळणाऱ्या माणसाला तुम्ही ढोंगी ठरवलंत. मशीनमध्ये पाय गेलेला तुमचा तो काशीराम काल घाटकोपरला, सुया टोचून उपचार करणाऱ्या बाईंच्या दवाखान्यात बायकोबरोबर बसला होता. मी शेजारच्याच बाकावर होतो. ऐका.

"अहो, गेलाय डावा पाय. बाईंनी सुया उजव्याला का टोचल्या?"

"मग कुठे टोचणार, शेवंते? हवेत?"

"हसू नका. उतार पडला का?"

"नसलेल्या पायाची बोटं पिळवटायची, ती आज जरा सैल पडली."

"म्हणजे खरंच दुखत होतं?"

"मग काय, वर्षभर तमाशा करत होतो?"

"डॉक्टर म्हणाला, कामाला नको म्हणून नाटक करतोय. मला ते खरं वाटलं. शिमग्याला गावच्या देवळात गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं मी, माझ्या नवऱ्याचं ढोंग सुटू दे म्हणून."

"ठाऊक आहे. कुबड्या घेऊन तिथेच उभा होतो."

"सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला."

"मीपण म्हणालो."

"तुम्ही? तुम्हांला तर ठाऊक होतं, दुखतंय ते!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत. का म्हणालात? मला सांगा."

"पायच नाही तर दुखेल कसा, डॉक्टरचंच खरं असेल, असं मलाही वाटायला लागलं होतं."