गार्डशिवाय माग चालवायचा नाही

मी मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. बाबा कापडगिरणीत मागावर होते. त्यांचा डावा डोळा तिथंच गेला, माग चालू असताना आडवा सूत नेणारा धोटा उडाला अन् सरळ तोंडावर आला. तेव्हापासून ते काळा चष्मा लावत, घरी त्याबद्दल कोणी बोलत नसे. माझं लग्न झालं, मिस्टरांना आयटीत जॉब, म्हणून इकडं अमेरिकेत श्रूजबरीला आलो, आणि मला वर्क परमिट मिळेपर्यंत किती वर्षं नुसती घरात बसून काढली, काय सांगू तुम्हाला. परमिट आलं तशी जवळच्याच म्युझियममध्ये लागले.

ते म्युझियम म्हणजे एका मोठ्या घराण्याचा जुना कारखाना. नाव नका लिहू, इथं सगळे ओळखतात त्यांना. त्यांच्या पणजोबांनी आधी लोखंडाची तार ओढायचा धंदा काढला, मग माग बनवायचा, पोरांनी वाढवला, त्यांचे माग कुठं कुठं गेले म्हणतात. भिंतीवर सगळ्यांचे मोठे फोटो, खाली एक माग. तो बऱ्याच वर्षांनी चालवून दाखवायचा होता, घराण्यातली ऐंशीच्या पुढची एक बाई बघायला येणार होती.

बाबा तेव्हा आमच्याकडं आलेले, त्यांनाही नेलं. मेकॅनिकनं बटणाकडं हात नेला तोच बाबा पुढं झाले, म्हणाले थांबव त्याला, याला गार्ड नाही. गार्ड म्हणजे धोटा उडाला तर अडवणारी लोखंडी सळई हो. आमचे डायरेक्टर माझ्या कानाशी म्हणाले, प्लीज, वडिलांना बाजूला घे. मी बाबांचा हात धरला, इतक्या वर्षांनी मिळालेला जॉब. पण बाबा हलेनात, मागावर हात ठेवून उभेच. बाईनं विचारलं, काय म्हणतायत हे? मी सांगितलं. ती म्हणाली, आमच्या मागांवर असं झाल्याचं वडिलांनी कधी सांगितलं नाही. ते मी बाबांना मराठीत सांगितलं तर म्हणाले, मालकाले कोण सांगते बाप्पा, आणि काळा चष्मा काढला.

ते मी ट्रान्सलेट केलं नाही. बाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, मग खुर्ची मागवून बसली आणि म्हणाली, आज चालवू नका.

मग बाबांनी पुठ्ठ्यावर चित्र काढून दिलं, तशी सळई करून बसवली, आणि पंधरा दिवसांनी बाबांनीच माग चालवला. बाई पुन्हा आली होती. जाताना तिनं डायरेक्टरांना सांगितलं, मागाशेजारच्या पाटीवर लिहा, धोटा उडून कामगार जखमी व्हायचे. ते म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवू. ती म्हणाली, मीटिंग नको, लिहा.

आता बाबा नाहीत, बाईही नाही. पाटीवर ती ओळ आहे, बाबांचं नाव नाही, ते तर इथले कामगारही नव्हते. माझं काही म्हणणं नाही. शनिवारी माग मीच चालवते, शाळेची मुलं येतात, काही बघतात, काही फोनमध्ये असतात. असू दे. आपापल्या घरी धड जातात ना. सगळ्यांचं मंगल होवो, आणखी काय पाहिजे.