रडायचे सहा इंग्रजी शब्द

आणि मला सांगा, माणसाला रडायला इतके शब्द कशाला हो लागतात? आपल्याकडे रडला म्हणजे रडला. फार तर ढसाढसा रडला, मुळूमुळू रडला, हमसून रडला, धाय मोकलून... बरं, आपल्याकडेही आहेत म्हणा चार-दोन. पण ते कुणी नंबर घालून शिलाई मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवतं का? माझ्या मुलीनं चिकटवले. तेही इंग्रजीतले!

ती परगावी शाळेत इंग्रजी शिकवते. मी चौथी पास, तीसुद्धा मास्तरांचा कोट फुकट उसवून-शिवून दिला म्हणून. तर आमची ही गेली, त्याला तीन महिने झाले, आणि मुलगी रोज फोनवर विचारायची, बाबा कसे आहात, आणि मी म्हणायचो, मी ठणठणीत आहे. तिला ते पटेना. कुठल्याशा मनाच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आली आणि म्हणाली, "आपल्या भाषेत सांगायची लाज वाटत असेल तर इंग्रजीत सांगा." म्हणजे दुसऱ्याचा सदरा घालून रडायचं, अंगाला डाग नको! भल्यामोठ्या देवनागरी अक्षरांत यादी लिहिली. एक, ब्रेक डाऊन, म्हणजे बांध फुटून रडणं. दोन, क्रॅक अप, हळूहळू चिरा पडून डोकं फिरणं. तीन, फॉल अपार्ट, अख्खा माणूस सुटा सुटा होणं. चार, चोक अप, गळा दाटून शब्द न फुटणं. पाच, स्नॅप, ताडकन तुटून कुणाच्या तरी अंगावर जाणं. सहा, लूज इट, सगळाच ताबा सुटणं. काय होईल त्याचा नुसता नंबर सांगायचा.

आता तुम्हाला सांगतो, माझ्यासारख्याच्या हातात असली यादी द्यावी का? सोमवारी फोन केला, पोरी, दोन नंबर झालाय, पथ्य काय पाळू? मंगळवारी पाच नंबर, गिऱ्हाइकाच्या अंगावर गेलो, पण माप घ्यायला! एकदा नुसताच घोगरा आवाज काढला, सहा... आणि फोन ठेवला. शेजारचा इस्त्रीवाला तिच्या सांगण्यावरून धापा टाकत आला, तर मी आंबा चोखत बसलेलो. आणि ती? वर्ग सोडून, पाच तास बस बदलत संध्याकाळी दारात उभी. मी म्हटलं, मी ठणठणीत आहे. ती हसली नाही हो. म्हणाली, "परत असं केलंत ना बाबा, तर मी येणार नाही." माझी मुलगी आहे, बोलली की बोलली.

आता सुयांचं सांगतो. मशीन माझं आणि हातशिलाईही माझी, पण सुईत दोरा ओवणं आमच्या हिचं. माझ्या नजरेला गेली दहा वर्षं सुईचं भोक काही सापडत नाही. म्हणून ती दर रविवारी बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची, सहा पांढऱ्या, सहा काळ्या, आणि म्हणायची, आठवडाभर मला हाक मारू नका. नाही मारली. गेली त्याच्या आदल्या रविवारीही बारा ओवून गेली. मी पुरवून पुरवून वापरल्या. अकरा संपल्या. बारावी, पांढऱ्या दोऱ्याची, तिला हात लावला नाही. लोकांना सांगितलं, हल्ली हातशिलाईची फॅशन गेली.

परवा दुपारी इस्त्रीवाला आला, त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं. मी मशीनवर, पाठमोरा. त्यानं आपली उचलली सुई, लावलं बटण, दातानं दोरा तोडला, सुई परत उशीला टोचली आणि म्हणाला, "काका, दोरा संपला बरं का." आणि गेला. भला माणूस आहे. त्याला काय ठाऊक?

मी उठून उशी हातात घेतली. तसाच मशीनखाली चिंध्यांत बसलो. समोर यादी. म्हटलं बघू तरी, आपल्याला नेमकं काय झालंय. चष्म्यावर पाणी, अक्षरं दिसेनात. एक लावून बघितला, सैल. चार लावला, तोकडा. चाळीस वर्षं लोकांना मापाचे कपडे दिले, आणि मला एकही शब्द अंगाला बसेना. शेवटी त्यातल्या त्यात तीन. फोन लावला.

"पोरी, तीन नंबर."

ती म्हणाली, "बाबा, मी वर्गात आहे."

"अगं, खरंच."

"मागच्या वेळीही खरंच होतं. आवाज मात्र या वेळी झकास काढलात हं."

सुईचं सांगितलं असतं तर ती धावत आली असती. पण सुईला नंबर नव्हता ना यादीत. आणि पलीकडं पोरं गलका करत होती, तिचा आवाजही थकलेला... मग काय करणार, म्हटलं, फसली, फसली! मी ठणठणीत आहे!

तर म्हणाली, "बरं वाटलं बाबा. तुम्ही आहात तसेच आहात."

आहेच. तसाच आहे. फक्त तेवढी एक सुई ओवायची राहिलीय... तुमच्यात कुणाची नजर बरी आहे का हो? हात वर करा.

बघा. सगळ्या चष्मेवाल्यांनीच वर केले.