सहा नंबरचा बोया

नाही नाही, ताई, उभ्या राहू नका — ही खुर्ची घ्या, खोकं मी खाली ठेवतो — सगळं अजून खोक्यांतच आहे बघा, सोमवारी तर केंद्र सुरू झालं, आज गुरुवार. भावाचा फोन लागत नाही म्हणून आलात ना? नाही लागणार. म्हणजे समुद्रात रेंज नसते, एवढंच. तो बोटीवर आहे. होता. थांबा, नीट सांगतो, मला नीट सांगू द्या.

भिंतीवरच्या नकाशात ते सहा पिवळे ठिपके दिसतात? ते आमचे बोये. समुद्रात नांगरलेले — लाट किती उंच, वारा किती, पाणी किती गरम, दर दहा मिनिटांनी इथे कळवतात. चार संस्थांनी मिळून उभारलंय हे — बंदरवाले, हवामानवाले, मासळीवाले आणि विद्यापीठ. चौघांची मिळून एक बोट, चौघांचा एक टेक्निशियन, म्हणजे तुमचा भाऊ, आणि चौघांची बोलणी खायला एक व्यवस्थापक, म्हणजे मी. आज बाराला चौघांची बैठक — पहिल्या आठवड्याचे आकडे दाखवायचे. आणि पहाटे हा सहा नंबरचा बोया सांगतो, लाटा चार मीटर साठ! ताई, मी याच खिडकीतून बघत होतो. पाणी बशीतल्या चहासारखं, हलतसुद्धा नव्हतं. बाकीचे पाचही म्हणतायत अर्धा मीटर. तुम्ही कुणाला खोटं धराल? पाचांना की एकाला? एकालाच ना — मीही तेच केलं. मोठी लाट दिसली की सगळ्या बंदरांना इशारा आपोआप जातो, तो मी अडवला — पहिल्याच आठवड्यात खोटा इशारा गेला तर हसं होईल आपलं — आणि तुमच्या भावाला म्हटलं, जा, दुरुस्त करून ये.

तो म्हणाला — हो, म्हणाला, लपवत नाही — "साहेब, सहा नंबर सगळ्यांत बाहेर आहे. लाट आधी त्यालाच कळणार ना?" इतकं साधं बोलला. आणि मी हसलो. म्हटलं, घाबरलास का रे? त्यावर कुठला माणूस हो म्हणेल?

गेले दोघं, तो आणि बोट चालवणारे काका. आठला काकांचा वायरलेस आला — लाटा चढतायत, फिरू का माघारी? — आणि नेमका तेवढ्यात वायरलेस बिघडला. बिघडला म्हणजे… असं बघू नका, ताई. नव्हता बिघडला. मी म्हटलं, अर्ध्याच्या वर आलात, आता उरकूनच या. हे अजून कुणाला बोललो नाही, तुमच्यापाशी कसं निघालं कोण जाणे. नऊला बोट उलटली. काका लांब वाहत गेलेले बचावाच्या बोटीला सापडले, दवाखान्यात नेलंय — शुद्ध हरपण्याआधी एवढंच म्हणाले, "पोरगा बोयाला धरून आहे." आणि ते खरंच आहे, ही रेघ बघा, हा बोयाचा कल — नऊ पाचपासून एका अंगाला झुकलाय, कुणी लटकल्यासारखा. मी तेव्हापासून या रेघेला चिकटून बसलोय. दहा चाळीसपर्यंत झुकलेलाच. मग? मग सरळ. पण सरळ म्हणजे काहीही असू शकतं हो! कुणी उचललं असेल. हात सुटला असंच कशाला धरायचं? बचावाची दुसरी बोट निघालीय, ती पोचली की —

तो कागद नका वाचू. द्या इकडे. ताई, द्या. …हो, अपघाताच्या अहवालात लिहिलंय, "परवानगी न घेता पुढे गेले". मीच लिहिलंय. दहा वाजता, तो तिकडे लटकलेला असताना. आणि अक्षर बघा किती सुबक.

फोन. थांबा. हॅलो — हो, मीच — मासेमारीची बोट? किती वाजता?… दहा चाळीस. बरं. शुद्धीवर आहे? बोलतोय? काय म्हणतोय?… बरं. बरं.

जिवंत आहे, ताई. परतणाऱ्या एका मासेमारी बोटीनं उचललाय. खांदा निखळलाय, पण बोलतोय. रडा, खुशाल रडा. मलाही आनंदच… झालाय ना? फोन कानाला होता तेव्हा पहिलं काय मनात आलं सांगू? हा आता सगळं सांगणार. शपथेवर सांगतो, आधी हेच आलं, मग तो वाचल्याचं. एका श्वासाचंच अंतर — पण आधी हे.

अर्ध्या तासात धक्क्यावर आणतायत. खाली गाडी उभी आहे, मी पाठवलंय म्हणा. मी? मी नाही येत. बाराला चौघं येतील. कागद राहू द्या इथेच — नाही, न्या. न्या तो, पर्समध्ये घाला, इथे ठेवलात तर मी पुन्हा काय करेन याची माझी मलाच खात्री नाही. निघा आता. ताई, निघा म्हटलं ना.