दिवा लागल्यावरचं विरजण

नाही नाही, चांगुलपणाला माझा विरोध नाही, पण तुम्हाला सांगते, माणसानं इतकंही चांगलं असू नये की घरच्यांनी कपाळ बडवून घ्यावं! आता आमचे हेच बघा, नटुभाई, अख्ख्या जुनागढचे लाडके! मी राजकोटला भाचीच्या लग्नाला गेले काय, इकडे आमच्या शेरीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाला मंडप घालायला माणसं आली काय, आणि ह्यांच्या काळजाला पाझर फुटला काय... संध्याकाळी मी येते, पिशवी टेकवते, दूध तापवते, विरजण घ्यायला फडताळ उघडते, तर दह्याचं गाडगं पालथं! कोरडं ठणठणीत!

म्हटलं, "अहो, दही?"

"अगं, ऊन काय होतं! त्या मंडपवाल्यांना ताक करून दिलं. आशीर्वाद देत गेले बिचारे."

"आणि तळाचं? विरजणापुरतं?"

"तेही घुसळलं. कमी पडत होतं ना!" आणि वर काय म्हणावं माणसानं? "गाडगंसुद्धा घासून ठेवलं बरं का! पावडरनं!"

पावडरनं! मातीचं गाडगं! आणि उभे कसे, तर आता ही आपल्याला शाबासकी देणार, अशा थाटात!

अहो, ते काय साधं दही होतं? लग्न होऊन अमरेलीहून निघाले तेव्हा बानं, माझ्या आईनं, ते गाडगं माझ्या मांडीवर ठेवलं. दागिने मामाच्या ट्रंकेत आणि दही माझ्या मांडीवर, सगळ्या बसभर हिंदकळतंय, नव्या साडीवर डाग, नवरा खिडकीबाहेर बघतोय जणू ही बाई आपली कोणी नव्हेच... बा म्हणाली होती, "रसीला, नवरा रुसला तर रुसू दे, हे मोडू देऊ नको. आणि मागायला आलेल्याला नाही म्हणू नको." तेव्हापासून त्या दह्यातून पुढचं दही, त्यातून पुढचं. बा गेली. घर भावानं विकलं. तिच्या हातचं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच उरलं होतं हो, एवढंच! आणि ते गेलं मंडपवाल्यांच्या पोटात. चांगुलपणाला माझा विरोध नाही, पण दुसऱ्याच्या आईचं दही वाटून कसला चांगुलपणा?

बरं, शेरीत एक घर दाखवा जिथं मी विरजण दिलं नाही! निघाले वाटी घेऊन. कोपऱ्यावरची कोकिळा म्हणते, "हाय हाय रसीलाबेन, आता कोण लावत बसतंय? आम्ही पिशवीतलं आणतो." तिच्या शेजारची म्हणते, "आम्हीपण पिशवीतलंच, काय घट्ट असतं!" घट्ट असतं! इतकी वर्षं माझ्या बाच्या दह्याची कढी ओरपलीत, तेव्हा नाही आठवलं घट्ट? माझ्या विरजणाचं अजून घरी लावणारी राहिली एकच. लाभुबेन. समोरचंच दार. आणि लाभुबेनशी माझं बोलणं बंद!

का बंद? सांगते ना! ही बाई उजाडायच्या आत उठून आपला ओटा झाडते. झाडो. पण तशीच रस्ता ओलांडून माझाही झाडते! एके दिवशी मी दार उघडलं तर ही माझ्या ओट्यावर वाकलेली. म्हटलं, "हे काय लाभुबेन?" तर कशी गोड, "काही नाही गं, मळला होता." मळला होता! पलीकडे जेठाकाका दातण चावत बसलेले, म्हणजे दुपारपर्यंत गावभर, की रसीलाचा ओटा मळतो! मी म्हटलं, "परत माझ्या ओट्याला हात लावाल तर याद राखा!" चांगुलपणाला माझा विरोध नाही, पण तो आपापल्या ओट्यावर करावा ना!

तर तिच्या दारात गेले. बघते तो बॅगा बांधून ओट्यावर! उजाडायच्या आतल्या गाडीनं सुरतला, सुनेच्या बाळंतपणाला, घराला कुलूप, परत कधी येईल देव जाणे. म्हणजे आत्ता मिळालं तर मिळालं, नाहीतर बाचं दही संपलं, कायमचं. गिळला राग. म्हटलं, "लाभुबेन... जरा विरजण."

तिनं वाटीकडे पाहिलं, मग आत देवघराकडे. "दिवा लागला."

"मला दिसतोय."

"दिवा लागल्यावर विरजण नाही देत, रसीला. घरातली लक्ष्मी जाते."

"अहो, पण लक्ष्मी माझीच आहे ती! मीच दिलेली!"

"तू सकाळी दिली होतीस."

मी तरी कुठं देते दिवा लागल्यावर? वळले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू... तेवढ्यात ही बया भिंतीशी बोलायला लागली, मोठ्ठ्यानं, "मी बाई आत जाते. दह्याचं गाडगं ओट्यावरच राहिलं की काय... मांजरबिंजर येईल, नेईल चमचाभर. नेईना बापडी! मी काही दिलेलं नाही!" आणि गाडगं ठेवून, पाठ फिरवून आत!

समजलं मला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पदर खोचला, चढले ओट्यावर, ही एवढी मोठी बाई, गाडग्यात चमचा घालते न घालते तोच, "चोर! चोर!" जेठाकाका! खाटेवर उठून बसलेले, हातात बॅटरी, झोत थेट माझ्या तोंडावर! दिवसाढवळ्या दारातली म्हैस दिसत नाही ह्या माणसाला, पण मी दिसले! शेरी गोळा झाली. पिशवीवाली कोकिळा सगळ्यांच्या पुढे. "लाभुबेन, तुम्ही दिलंत का हो हिला?"

आणि लाभुबेन दारात, तोंडाला पदर लावून, "मी? दिवा लागल्यावर? छे गं! मी नाही दिलं."

तुम्हीच सांगा! दही माझ्या बाचं, गाडगं रिकामं केलं नवऱ्यानं, आणि चोर मी! त्यात गर्दीतून आमच्या ह्यांचा आवाज, "अगं, मागायचं ना!" मागायचं ना!! शेवटी लाभुबेनच म्हणाली, "जाऊ द्या, मांजर आहे ती." तेव्हापासून शेरीत मला बघून पोरं म्यांव करतात.

त्या चमचाभरानं रात्री दूध विरजलं, पहाटे झाकण काढलं. लागलं होतं. बोटभर जिभेवर ठेवलं... तीच चव हो, तीच. फडताळाशी उभी राहून रडले मी, आणि हे मागून विचारतात, "आंबट झालं का?" बाहेर लाभुबेनची रिक्षा आली होती. तिच्या बॅगेवर म्हणे थेपल्यांचा डबा सापडला. मी दिला नाही! राहिला असेल कुणाचा.

आणि आता काय झालंय, तिच्या दारात तो कडुलिंब. सारखा झडतो मेला. मी दार उघडलं की समोर तिचा ओटा, पाल्यानं भरलेला! कुलूप लावून खुशाल गेली सुरतला, बघायचं कुणी? मी! किती दिवस बघणार माणूस? चांगुलपणाला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे! आज सकाळी वाकून झाडतेय, तर जेठाकाका दातण थांबवून म्हणतात, "काय रसीला? आता तिचा ओटा?"

म्हटलं, "काही नाही काका... मळला होता."