दोघींचा मिळून एक पास

व्यासपीठावरील संस्थेचे अध्यक्ष माननीय सावळारामदादा, आदरणीय मुख्याध्यापक, शहापूरहून वेळात वेळ काढून शेणव्याला आलेले प्रमुख पाहुणे, माझे सहकारी शिक्षक, पालक, मुलांनो आणि आजच्या सत्कारमूर्ती, माझ्या गुरू वत्सलाबाई,

सर्वांना नमस्कार. मी संघरत्ना. याच शाळेत शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले आणि शिक्षणसेवक म्हणून इथेच परत आले. निरोपाला गोड बोलावं अशी रीत आहे. मी तसं लिहूनही आणलं होतं. पण आत्ताच दादा म्हणाले, "बाई, आता मोकळ्या झालात, भरपूर फिरा." त्यानंतर मला ते लिहिलेलं वाचवेना. दादा प्रेमानंच बोलले, याची मला खात्री आहे. पण बाई का फिरणार नाहीत, हे या सभागृहात कुणीतरी सांगायला नको का?

मराठी शिकवणाऱ्या आपल्या भागीरथीबाई आज आपल्यात नाहीत. त्यांचाही निरोप आजच व्हायचा होता. दोघी मैत्रिणी शेणव्यात एकाच घरात राहिल्या, एकाच महिन्यात निवृत्त होणार होत्या, आणि निवृत्तीनंतर आगगाडीनं युरोप बघायचा असं त्यांनी ठरवलं होतं. भागीरथीबाई मुरबाडच्या. ज्या तालुक्यात रेल्वेचा रूळच नाही, तिथली बाई परदेशात गाडीनं फिरणार, म्हणून शिक्षकखोलीत त्यांची थट्टा व्हायची. त्या म्हणायच्या, "मुरबाडला गाडी यायची वाट बघत बसले, तर आधी मीच जायची. त्यापरीस मी गाडीकडं जाते."

शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही तिघी शहापूरच्या सायबर कॅफेत जायचो. इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं काम माझं. तिकडच्या सगळ्या देशांत चालणारा रेल्वेचा पास परवडेना. दुसऱ्या एका पासात तीनच देश निवडायचे होते, पण ते एकमेकांना लागून असायला हवेत अशी अट होती. भागीरथीबाईंना अट लगेच पटली. "बांधाला बांध लागला पायजे. नायतर मधल्याच्या शेतातून कसं जाल?" पंचविशीच्या वरच्या माणसाला फर्स्ट क्लासच घ्यावा लागतो, हे वाचून मी खर्चाचा हिशेब पुन्हा मांडायला लागले. त्या म्हणाल्या, "घाबरतेस काय गो? तिकडं म्हातारीचा मान ठेवतात." बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग मिळून एकच देश धरतात, हे कळल्यावर तर त्या खूश झाल्या. "तीन जावा आन चूल एक. आपल्याकडं जमायचं नाय."

पण तीन देश कोणते? वत्सलाबाईंनी पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आपण देश नको निवडायला. नदी निवडू." तीस वर्षं त्यांनी भूगोलाच्या तासाला फळ्यावर निळ्या खडूनं ऱ्हाइन काढली. उगम डोंगरात, मुख समुद्रात, मधली वळणं हातात बसलेली. स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ती तीन जावांची चूल. नदीनंच बांधाला बांध जोडून दिला. त्या दिवशी मला वाटलं, शिक्षण शिक्षण म्हणतात ते हेच.

राहिला शेवटचा प्रश्न. दोघींचे दोन वेगळे पास घ्यायचे, की दोघींचा मिळून एक? जोडीचा पास स्वस्त होता, पण त्यावर दोघींची नावं, आणि प्रत्येक गाडीत दोघी बरोबर हव्यात. एकटीला तो चालत नाही. नाव बदलता येत नाही. मी म्हटलं, वेगळे घ्या, एखादीला बरं नसलं तर दुसरीला तरी फिरता येईल. भागीरथीबाई हसल्या. "येगळे पास? आमी काय भांडून चाललोय का गो?" वत्सलाबाईंनीही मान हलवली. "ही हॉटेलात पडून राहील आणि मी नदी बघत फिरेन, असं होईल का, रत्ना?"

जानेवारीत पास आला. मेच्या सुट्टीत निघायचं होतं. होळीच्या आधी भागीरथीबाई सातवीच्या वर्गात फळ्यासमोरच खाली बसल्या. ठाण्याला नेईपर्यंत त्या उरल्या नाहीत.

मी कल्याणच्या एजंटाकडे गेले. तो म्हणाला, पास परत करा, थोडे कापून घेऊ, एकटीचा नवा काढून देतो. मी आनंदानं धावत बाईंकडे आले. नीट वाचलं, चार ठिकाणी विचारलं की प्रत्येक गोष्टीला मार्ग सापडतो, असं मानणारी मी मुलगी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एकटीला खिडकी मिळेल गो. पण 'ती बघ' म्हणायचं कुणाला?"

मी म्हटलं, मी येते. माझ्याकडे ना पासपोर्ट ना पैसे, तरी म्हटलं. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू आलीस तर मी तुला शिकवत बसेन. तिला मी काही शिकवत नव्हते."

पास बाईंच्या घरी तसाच आहे, पहिल्या गाडीचा शिक्का न पडलेला. पावसाळ्यात त्याची मुदत संपेल. तो परत करा, असं मी आता म्हणत नाही.

फेब्रुवारीत आपण वर्गणी काढून चाकांच्या दोन बॅगा आणल्या होत्या. एक इथं टेबलावर आहे. दुसरी कार्यालयातल्या कपाटावर आहे, आणि ती तिथून कुणी काढायची, हे अजून ठरत नाही. शिक्षकांच्या सभेत मी म्हटलं होतं, बॅग नको, नुसती शाल द्या. पण वर्गणी देणाऱ्यांचं मन कसं मोडायचं? शेवटी बाईच म्हणाल्या, "द्या गो. गोधड्या ठेवायला होईल." म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. बॅग देताना कृपा करून कुणी 'शुभ प्रवास' म्हणू नका.

आपण मला बोलू दिलंत, मुलं एवढ्या उकाड्यात शांत बसली, मी सर्वांची ऋणी आहे. चांगल्या प्रसंगी न बोलायचं बोलले असेन, तर आपल्याच शाळेची मुलगी म्हणून पोटात घाला.

आणि बाई, कार्यक्रम झाल्यावर थांबा. बॅग मी घरापर्यंत आणते. तुमच्या घराकडचा रस्ता खडीचा आहे, चाकं चालायची नाहीत, उचलूनच न्यावी लागेल. रिकामी आहे. जड नाही.