गळ्यामागचं लेबल

माझा ब्रँड कुठे गेला असं तुम्ही विचारता ना, तर ऐका. तेव्हा बाहेरच्या कंपन्या नुकत्याच दिल्लीत येत होत्या आणि मी गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये सुती टॉप शिवत होते. बेतणं-शिवणं माझं, घेराची हातशिलाई आईची. गळ्याच्या मागे माझ्या नावाचं लेबल, तेही खास विणून घेतलेलं. करोल बागेतल्या एका दुकानदारानं सगळा माल ठेवून घेतला. मी म्हटलं, चलो, आता नाव होणार.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आई आणि मी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये मामीकडे गेलो. मामीनं हौसेनं कपाटातून नवा टॉप काढला. माझाच. पण लेबल कुठल्यातरी इटालियन नावाचं, आणि माझं उसवलं होतं तिथे बारीकसं भोक.

"करोल बागेत मिळाला, एक्स्पोर्टचा माल आहे," मामी म्हणाली. "वन्सं, घेराची शिलाई बघा. आपल्याकडे कोणाला जमेल का असं काम?"

आईनं चष्मा लावला, घेर बोटांत फिरवून पाहिला. "बिल्कुल नाही," म्हणाली, आणि पन्ह्याचा पेला उचलला.

परतताना बसमध्ये मला वाटलं, आता आई रडेल, निदान चिडेल तरी. यमुनेचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "पुढच्या खेपेला तुझं लेबल कच्च्या टाक्यानं लावू या. उसवताना कापड फाटतं त्यांच्याकडून."