फळ्यावरचं कालचं वाक्य

हॅलो?… हॅलो, कोण?

… हो, आवाज तुझाच वाटतोय. पण थांब. आधी एक सांग. दुसरीत असताना तू गणिताची वही कुठे लपवून ठेवली होतीस?

… अगं, चेष्टा नाही. सांग.

… पिठाच्या डब्यात. बरोबर. आणि सापडली कशी?… हो, डबा उघडला तर वहीचा कोपरा वर आलेला! बरं, बरं, तूच आहेस. बोल आता, बाळ.

… हो, सकाळी फोन दोन तास लागत नव्हता. मी बोलत होते ना.

… कोणाशी? तेच सांगायला मी तुला फोन करणार होते. पण आधी बस कुठेतरी. उभी आहेस ना? बस.

… नाही, पडले नाही. हाडं शाबूत आहेत. पैसेही जागेवर आहेत. शेवट आधी सांगितला, आता घाबरू नकोस आणि मध्ये बोलू नकोस.

… हो, हो… अगं ऐक ना!

सकाळी पावणेदहाला फोन आला. चेहरा दिसतो तसला. समोर वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर मोठं बोधचिन्ह, टेबलावर फायली. म्हणाला, तुमच्या नावाचा एक नंबर मोठ्या गुन्ह्यात वापरला गेलाय, तुमची चौकशी चालू झाली आहे.

… मलाही तसंच वाटलं, की मी कसला गुन्हा करणार! पण तो पुढे म्हणाला, तुमच्या मुलीचंही नाव त्यात आहे.

… हो, तुझं. नावानिशी. तू कुठे काम करतेस, तेही.

… मला काय माहीत त्याला कुठून कळलं! म्हणाला, खोलीचं दार लावा, फोन बंद करू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. आणि कुणाला सांगाल, तर मुलीला आजच्या आज उचलून आणू.

… हो गं. म्हणून नाही सांगितलं तुला. तुला सांगितलं की तुला नेणार, एवढंच डोक्यात बसलं होतं.

… रडू नकोस. ऐक, तुला हसू येईल असंही एक आहे. तासाभराने मला तहान लागली. तर मी काय केलं असेल? हात वर केला! चाळीस वर्षं पोरांना हात वर करायला लावला, आणि आज स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला एका चोरापुढे हात वर करून बसले होते. आणि तो म्हणतो, "नंतर."

… हो, चोरच. पण तेव्हा तो मला साहेब वाटत होता ना.

… कागद? दाखवला की! शिक्क्याचा, सहीचा. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका. आणि तुझ्या आईने काय केलं? शंका घेतली? छे! त्या तिन्ही चुका त्याला समजावून सांगितल्या. तोही "बरं, बरं" म्हणाला. मला वाटलं, मुलगा शिकण्यासारखा आहे.

… हस, हस. मास्तरही हसले मघाशी.

… अगं, शिंपी मास्तर. खालच्या मजल्यावरचे. आज मी तुझ्याशी बोलतेय ती त्यांच्यामुळे. तेच तर सांगतेय.

दाराबाहेरचा फळा आठवतो ना तुला? अजून आहे. रोज सकाळी दहाला मी त्यावर एक वाक्य लिहिते. चारला पोरं शिकायला येतात, ती आधी जिन्यात उभी राहून ते मोठ्याने वाचतात, मगच आत. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. ताप होता तेव्हासुद्धा लिहिलं होतं, वाकडंतिकडं.

… आज कशी लिहिणार? दहाला मी कॅमेऱ्यासमोर होते. फळ्यावर कालचंच वाक्य राहिलं.

… आता ही गंमत ऐक. गेली दोन वर्षं रोज संध्याकाळपर्यंत फळ्यावरची अक्षरं पुसट झालेली असायची. मी पोरांना रागवायचे. "कुणी हात लावला रे?" सगळी एकमेकांकडे बघायची. दोघींना तर कोपऱ्यात उभं केलं होतं मी.

… पोरं नव्हतीच गं. मास्तर होते.

… हो! साडेअकराला हातातलं शिवण ठेवून वर यायचे, आणि बोटाने एकेक अक्षर गिरवायचे. मग चारला पोरं वाचायची तेव्हा खाली मशीन थांबवून ऐकायचे. कोणतं अक्षर कसं वाजतं, ते जुळवायचे. दोन वर्षं!

… नव्हतं येत. एक अक्षर नव्हतं येत. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आणि मापं ते खुणांनी लिहायचे, रेघा नि टिंबं. मला वाटायचं, शिंप्यांची तशीच पद्धत असेल. विचारायचं सुचलंच नाही. माझ्या जिन्याखाली बसलेला माणूस, आणि मला दिसला नाही बघ.

… तर ते आज वर आले. बघतात तर कालचंच वाक्य. त्यांनी दार वाजवलं. मी आतून म्हटलं, "मला बरं नाही, तुम्ही जा." ते म्हणाले, "बाई, फळा बदलला नाही." मी म्हटलं, "जा हो मास्तर. आणि कुणाला सांगू नका."

… हो, मीच म्हणाले. त्या माणसाचं वाक्य माझ्या तोंडातून आलं.

मला वाटलं, गेले. इकडे तो म्हणाला, तुमचं खातं तपासायचंय, फोनवर सहा आकडे आलेत ते वाचा. मी वाचायला लागले. एक, दुसरा, तिसरा… चार आकडे सांगून झाले, बघ.

… अगं श्वास घे! पैसे जागेवर आहेत म्हटलं ना.

चौथा सांगितला आणि दाराखालून काहीतरी काळं आत सरकताना दिसलं. मला वाटलं, उंदीर! पाय वर घेतले मी. बघते तर अस्तराचा तुकडा. कोटाच्या आत लावतात ना, ते काळं कापड. आणि त्यावर कापडावर खुणा करायच्या खडूने लिहिलेलं. मोठी मोठी अक्षरं, एक डोंगरावर, एक दरीत.

… काय लिहिलं होतं? कालचं वाक्य. माझंच. दाराबाहेर उभं राहून फळ्यावरून बघून उतरवलेलं.

थांब, वाचते. इथेच आहे माझ्या मांडीवर. "कुणी म्हणालं कुणाला सांगू नको, तर ते आधी घरी सांगायचं."

… हो बाळ. परवा पोरांशी अनोळखी माणसांबद्दल बोलले होते, म्हणून काल ते लिहिलं होतं. पोरांसाठी. माझ्यासाठी नव्हे! मला कशाला लागतंय, मी शिकवणारी.

… नाही गं, त्यांना आत काय चाललंय ते माहीत नव्हतं. नंतर विचारलं मी. म्हणाले, "बाई, तुम्ही ‘कुणाला सांगू नका’ म्हणालात, आणि फळ्यावर तर उलटं लिहिलेलं. म्हटलं, बाईंना त्यांचंच दाखवावं."

… हो. आयुष्यातलं पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, ते हे.

… थांब हं, डोळे पुसते… हं.

मग काय. मी त्या कापडाकडे बघत राहिले. तिकडून आवाज, "दोन राहिले, लवकर." मी म्हटलं, "जरा थांबा, मी आधी घरी सांगते." एवढंच म्हटलं, चिमे. आणि वर्दीतला साहेब असा काही ओरडायला लागला, असल्या शिव्या, की रस्त्यावरचा भांडखोर बरा. तेव्हा कळलं. खरा असता तर थांबला असता ना?

… केला बंद. आणि दार उघडलं. मास्तर जिन्यातच होते, गळ्यात टेप, कानावर खडू. मी ते कापड पुढे धरलं. ते म्हणाले, "चूक झाली का लिहिण्यात?"

… हो ना. विचार कर!

… म्हटलं, "एकही नाही."

मग तसेच बँकेत घेऊन गेले मला, गळ्यातल्या टेपसकट. खातं लगेच थांबवलं. तिथून पोलीस चौकीत. हवालदारबाईंनी पाणी दिलं, न मागता. त्या म्हणाल्या, आठवड्यात आपल्या भागातल्या तुम्ही तिसऱ्या. आधीचे दोघं सगळं गेल्यावर आले. लाजेने कुणाला बोललेच नव्हते.

… मीही नसते बोलले, खरं सांगते. शिकलेली बाई, आणि फसत होते. पण मास्तर दोन वर्षं लाजेने आत आले नाहीत, बाहेरच बोटाने गिरवत राहिले. ते बघितल्यावर माझी लाज कुठल्या कुठे गेली. आज चारला पोरांना सगळं सांगणार आहे. हात वर केला तेसुद्धा. आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या त्या दोघींची माफी मागायची आहे.

… काय? उद्या येतेस? ये की!

… न्यायला? कुठे न्यायला?

… हो, एकटी राहते… हो, तुझी काळजी कळते मला… हो, जावईबापू चांगले आहेत, खोलीही आहे… अगं ऐक ना. तुझ्याकडे दार बंद राहिलं असतं, तर कुणी येऊन म्हटलं असतं का, की फळा बदलला नाही?



… हं. मग ये, रहायला ये. पण माझी बॅग भरायला येऊ नकोस. आणि तुझ्या घरी सगळ्यांचा मिळून एक प्रश्न ठरवा, आपल्या पिठाच्या डब्यासारखा. फोनवर कुणी कितीही घाई केली, तरी आधी तो विचारायचा.

… चार वाजले का? हो, जिन्यात गलका ऐकू येतोय. पण आज अजून फळा… थांब, दार उघडते… अगंबाई!

… काही नाही, काही नाही! मास्तर आलेत. नवी वही घेऊन. त्यांना म्हटलं होतं, आजपासून आत येऊन बसायचं. त्यांनी कालचं पुसलंय, आणि स्वतः लिहितायत. पोरं बाजूला सरकून बघतायत. एवढी शांत मी त्यांना कधी बघितली नाही.

… थांब, वाचते. "आज…" थांब, सावकाश लिहितायत. मी सांगणार नाही, त्यांचं त्यांना येऊ दे… "आज बाई…"

… ऐकतेयस ना?… "आज बाई बऱ्या आहेत."

… हो. बाहेर सगळ्यांना दिसेल असं.

… पोरं वाचतायत आता, ऐक. फोन दाराकडे धरते… आलं ऐकू?

… हो गं बाळ, आहे बरी. ठेवते आता. माझा वर्ग भरलाय.